तात्याचा तवंग

"तवंग कुठाय? अगं ए, ह्या रश्श्यावरचा तवंग कुणी नेला?"

तात्या असा ओरडला की दारातल्या लिंबावरचे कावळे उडाले आणि तिकडं वालचंदनगरात पाळीवरची माणसं डबे उचलून निघाली. त्यांना वाटलं, भोंगा झाला. रविवारची दुपार होती. ताटात मटण होतं, बाजरीची भाकरी होती, बुक्कीनं फोडलेला कांदा होता. फक्त वाटीतल्या रश्श्यावर जो तांबडा, चकाकणारा, बोटभर जाड थर असायला हवा, तो नव्हता. तात्यानं वाटी उजेडाकडं धरली. तिरकी केली. वर फुंकर मारून बघितली.

"ह्यात बघून मी भांग पाडायचो," तो म्हणाला. "आता तोंडसुदिक दिसंना."

नानी म्हणजे त्याची बायको, माझी चुलती. ती चुलीपुढून हललीसुद्धा नाही. "काढला," एवढंच म्हणाली.

परवा लासुर्ण्याहून इंदापूरकडं जात होतो. दोन्ही बाजूंना ऊस, पुढं ऊस, मागं ऊस, माणसाला वाटावं आपणही आता तुऱ्यावर येणार. आणि मधेच एका कोरडवाहू तुकड्यात करडई फुललेली दिसली. आधी पिवळी, मग केशरी, कडेला उतरणीची लालसर. मी गाडी बाजूला घेतली. बायकोला वाटलं, पंक्चर. मी म्हणालो, "तात्या फुललाय." ती माझ्याबरोबर संसार केलेली बाई आहे, तिनं पुढं काही विचारलं नाही. खाली उतरलो, बांधावर उभा राहिलो, एका बोंडाला हात लावला आणि काटा टचकन बोटात घुसला. तेवढ्या टोचणीवर ते अख्खं साल माझ्या अंगात परत आलं. नव्वदनंतरचं, नवं शतक लागायच्या बरंच आधीचं साल. आमच्या गावात त्या सालाला अजून करडईचं साल म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि बाकीचे ऐकून घेतात.

तात्या म्हणजे काय होता हे आधी सांगितलं पाहिजे. तो एसटीत बसला की कंडक्टर त्याच्या पोटाचं हाफ तिकीट फाडायचा. लग्नात पंगतीला बसला की वाढपी एकमेकांकडं बघून देवाघरी गेल्यासारखे निमूट व्हायचे. पण हे सगळं पोट सांभाळून तो जयंतीला लेझीम खेळायचा, आणि खेळायचा म्हणजे म्होरक्या. विहारापासून मिरवणूक निघायची, एसटी थांब्यावरून कालव्यावरच्या मोरीचा छोटा पूल ओलांडून शाळेच्या पटांगणापर्यंत जायची आणि तशीच परत. पुढं हलगी, मधे लेझमीच्या रांगा, आणि सगळ्यांच्या पुढं पांढऱ्या सदऱ्यात, निळा फेटा बांधून, गळ्यात पितळी शिट्टी अडकवलेला तात्या. त्याचा बाप धर्मांतराच्या साली पांढरे कपडे घालून गेला होता, परत आला तेव्हा त्यानं पहिली लेझीम बसवली. ती शिट्टी त्या बापाची. तात्याचं पाऊल पडलं की कालव्याला पाणी नसलं तरी लाट उठायची. हे मी बघितलंय.

आणि करडईच्या सालाच्या आदल्या जयंतीला तोच तात्या मोरीवर बसला.

पडला नाही, धडपडला नाही. नुसता बसला. शिट्टी तोंडात, पण फुंकायला वारा नाही. हलगी थांबली. शंभर लेझमी एकदम गप्प झाल्या की किती मोठा आवाज होतो, हे त्या दिवशी मला कळलं. मग दुसऱ्या रांगेतला दिनकर पुढं आला, तोंडात दोन बोटं घालून शीळ मारली आणि मिरवणूक पुढं गेली. तात्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, म्हाताऱ्या बायांच्या शेजारी बसून परत आला. वाटेत त्याला एका आजीनं पेपरमिंटची गोळी दिली. ती गोळी तो आयुष्यभर विसरला नाही.

दिनकर वाईट नव्हता, फक्त तरुण होता. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी, बुडाखाली मोटरसायकल, डोक्यावर केसांचा फुगा. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीच तो नवी शिट्टी घेऊन आला, चकचकीत, निळ्या दोरीची. विहारापुढं बैठक बसली तेव्हा ती त्याच्या खिशातून मुद्दाम बाहेर लोंबत होती.

"तात्या, पुढच्या साली तुमी ट्रॉलीत बसा की. झेंडा धरा. मानाचं काम हाय."

"झेंडा तुझ्या सासऱ्याला दे," तात्या म्हणाला. "मोरी ओलांडून, पटांगणाला वळसा घालून, मिरवणूक हितं परत शिट्टी वाजवत आणीन. न्हाय आणली तर ही शिट्टी तुझी. बापाची हाय, तरी तुझी."

बोलून बसला. आता बापाची शिट्टी पणाला लागली होती आणि पोट तर जिथल्या तिथं होतं.

मी तेव्हा एमआयडीसीतच एका दुधाच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो, दुधातली फॅट तपासायच्या कामावर. दोन तालुक्यांतल्या म्हशींची चरबी माझ्या हाताखालून जायची, म्हणून घरच्यांनी तात्याला बारामतीच्या डॉक्टरकडं न्यायचं काम मला दिलं. डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला, तात्याकडं बघितलं, पुन्हा कागद बघितला. दोन्हींत काही तफावत नव्हती.

"तेल बंद," डॉक्टर म्हणाले. "तूप, लोणी, तळण, मटण, सगळं बंद. आणि रोज चालायचं."

"कुठवर बंद?"

"कायमचं."

"आन् मग जगायचं कुठवर?" तात्यानं विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग आमच्या घरात उकड सुरू झाली. दुधी उकडलेला. पडवळ उकडलेलं. वरणाला फोडणी नाही, लसूण नाही, नुसतं पिवळं पाणी. तात्या सांगायचा की तो आठवडाभर टिकला. नानी म्हणायची, संध्याकाळपर्यंत. त्याच्या हट्टापायी शेवटी रविवारचं मटण परत आलं, फक्त नानीनं पळीनं वरचा तवंग तेवढा अलगद काढून घेतला. तोच हा सुरुवातीचा आरडाओरडा. तिनं काढलेला तवंग फेकला असेल असं वाटत असेल तर तुम्हाला नानी माहीत नाही. तो वाटीत झाकून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या वांग्याची फोडणी त्यातच झाली, वेगळं तेल न घालता. तात्यानं ते वांगं खाल्लं आणि म्हणाला, "आज वांग्यात मटणाचा आत्मा आलाय." नानी हसली नाही. ती अशा वेळी कधी हसत नाही, भाकरी उलटते.

पण तात्या हा बंदी पाळणारा गडी नव्हता, बंदीतली फट शोधणारा होता. दसऱ्याच्या सुमाराला भुईमूग निघाला आणि त्याला फट सापडली.

"सुभ्या, तू साक्षीला हुतास," तो मला म्हणाला. "डॉक्टरनं तेल म्हटलं. तूप म्हटलं. मटण म्हटलं. शेंगदाणा म्हटला का?"

"न्हाय म्हटलं."

"तीळ म्हटला? खोबरं म्हटलं? कारळं म्हटलं?"

"न्हाय."

"झालं तर मग!"

आणि तो शेंगांवर तुटून पडला. ओल्या शेंगा, उकडलेल्या शेंगा, आरात भाजलेल्या शेंगा. सदऱ्याचे दोन्ही खिसे असे फुगलेले की लांबून वाटावं, माणूस दोन कोंबड्या चोरून निघालाय. भाजीत कूट, आमटीत कूट, भाकरीवर कूट, कुटावर खोबरं. तो जिथून जाईल तिथं टरफलांची पायवाट पडायची. पोस्टमन पत्ता न विचारता टरफलांवरून त्याच्यापर्यंत पोचायचा. "तेलाचा थेंब न्हाय पोटात," हे तो गावभर सांगत फिरायचा, आणि खरंच, थेंब नव्हता. तरी पोट तसूभर हललं नाही. उलट कंडक्टर आता अर्ध्याऐवजी पूर्ण तिकिटाची भाषा करू लागला. मोरीपर्यंत चालून आला की तो कठड्याला टेकायचा. दिनकर मोटरसायकलवरून जाताना हॉर्न वाजवायचा, खिशातली निळी दोरी वाऱ्यावर उडवायचा.

नानीनं हे सगळं बघितलं. ओरडली नाही, शेंगा लपवल्या नाहीत. एके दिवशी सकाळी तिनं रिकामी पिशवी आणली आणि तात्यापुढं धरली.

"तुमी पुनवंपासनं आवसंपातूर... म्हंजी एका पंधरवड्यात जेवढं दाणं खाता, तेवढं ह्यात भरा."

"का?"

"भरा तर. कमी नका भरू. तुमची खायची ताकद काय हाय ती दिसू द्या."

तात्याला असं सांगायचं म्हणजे बैलाला लाल फडकं. त्यानं छाती काढून पिशवी भरली. दाबून भरली. वर दोन ओंजळी जास्त टाकल्या, पाहुणा आला तर म्हणून. "ही बघ," म्हणाला, "मर्दाचा खुराक." नानीनं पिशवीचं तोंड बांधलं, डोक्यावर घेतली आणि तेल काढायच्या घाण्याच्या वाटेला लागली. तात्या मागं, आणि त्या दिवशी माझी सुट्टी, म्हणून मी त्याच्या मागं.

घाणा मोटरीवर चालणारा होता, पण लाकडी होता. कुरकुरायचा असा की दोन म्हाताऱ्या भावकीचं गाऱ्हाणं सांगतायत. नानीनं दाणे ओतले आणि खालच्या तोटीखाली डबा ठेवला. तात्या बाकड्यावर बसून दाणेच खात होता. आधी काहीच आलं नाही. मग एक थेंब. मग दुसरा. मग धार लागली, सोनेरी, जाड, वास असा की रस्त्यावरची कुत्री येऊन बसली. धार थांबेना. तात्याचं तोंड चालायचं थांबलं. डब्याचा तळ झाकला, मग अर्धा डबा, आणि ती धार आपली निवांत चाललीय. तात्यानं हातातले उरलेले दाणे एकेक करून बघितले, जणू त्यांच्यापैकी कुणीतरी चुगली केलीय.

"एवढं?" तो म्हणाला.

"एवढं," नानी म्हणाली. "हे तुमच्या पोटात जाणार हुतं. न बोलता."

परत येताना डबा तात्यानं उचलला. मी मागितला तर दिला नाही. लासुर्ण्याच्या रस्त्यावर तो या हातातून त्या हातात डबा बदलत चालत होता आणि प्रत्येक वेळी डब्याकडं असं बघायचा, जसं आपण कोर्टात आपल्याच विरुद्ध साक्ष देणाऱ्या पाहुण्याकडं बघतो. घराच्या अलीकडं थांबला. डबा खाली ठेवला. म्हणाला, "नानी, मग आता सगळंच बंद?"

"काहीच बंद न्हाय," नानी म्हणाली. "फकस्त दिसलं पायजे. हा डबा करडई निघंपातूर पुरवायचा. सगळ्या घराला."

त्या वाक्यावर आमच्या घरचं जेवण बदललं, आणि माझं तर अजून तसंच आहे. नानीनं काही शास्त्र सांगितलं नाही. फोडणीला मोहरी तडतडेल एवढंच तेल पातेल्यात. बाकीचं पातेल्यात घालायचंच नाही. जेवायला बसलं की प्रत्येकाच्या ताटात, चटणीवर किंवा गरम भाकरीच्या पापुद्र्यात, वरून एक चमचा कच्चं तेल. ती म्हणायची, पातेल्यात ओतलेलं पातेलंच पितं, वरून घेतलेलं जिभेला कळतं. आणि कळायचं हो! खर्ड्यावर तो एक चमचा पडला की तात्याच्या डोळ्यांत पाणी यायचं; मिरचीचं असेल, पण तो तेलाचं म्हणायचा. ज्या दिवशी तेलाचा चमचा, त्या दिवशी कूट नाही. ज्या दिवशी कूट, त्या दिवशी चमचा बरणीतच. मटण पाहुणा आला तर, सण आला तर. आणि मटणाचा तवंग वाटीत, उद्याच्या वांग्याला. डॉक्टरांनी जे दार बंद करून कुलूप लावलं होतं, तिथं नानीनं उंबरा घातला. उंबरा ओलांडायला पाय उचलावा लागतो, तेवढंच.

आणि करडई. कालव्याखालच्या रानात ऊस होता, तो ऊस होता म्हणूनच तर दुकानातल्या तेलाचे डबे घरात येऊ लागले होते. पण कालव्याच्या वर, मोरीच्या पलीकडं आमचा एक कोरडा तुकडा होता, ज्याला पाणी पोचायचं नाही. तिथं नानीनं त्या साली करडई टाकायला लावली आणि राखायचं काम तात्याकडं दिलं. म्हणजे रोज मोरी ओलांडायची आली. सुरुवातीला तो कठड्याला टेकायचा. मग नुसता हात लावायचा. मग एके दिवशी हात न लावता गेला आणि पलीकडून मला हाक मारून सांगितलं. ती हाक बारामतीच्या स्टँडवरच्या लोकांनी ऐकली.

थंडीत करडईची कोवळी पानं निघाली. नानीनं ती चिरून, मुगाची डाळ आणि लसूण घालून भाजी केली. "हे म्हशीचं हाय," तात्या म्हणाला आणि दोनदा मागून घेतली. मग काटे आले, फुलं आली, तुकडा असा पेटला की रात्रपाळीहून येणारी पोरं म्हणायची, तात्याच्या रानात उगवतीच्या आधीच उगवतंय. मग बोंडं वाळली. काढणी पहाटेची, दव असेस्तोवर, काटे नरम असतात तेव्हा. हातापायाला फडकी गुंडाळून तात्या वाकला की मागून वाटायचं, कुणीतरी गादी गुंडाळून रानात उभी केलीय. पण ती गादी थांबत नव्हती. दिनकर पहिल्या पाळीला जाताना मोटरसायकल थांबवून उभा राहिला.

"तात्या, ट्रॉलीत लोड पण ठेवतो. टेकायला."

"ठेव की," तात्या वाकलेलाच म्हणाला. "तुलाच लागंल."

त्याच घाण्यावर करडई गेली आणि वर्षाचं तेल घरी आलं. भुईमुगाचा डबा त्याच आठवड्यात संपला. जे एका माणसानं पंधरवड्यात गुपचूप खाल्लं असतं, ते अख्ख्या घराला करडईपर्यंत पुरलं होतं. पेंड म्हशीला गेली. आणि आता हे मी फॅट तपासणाऱ्या माणसाच्या अधिकारानं सांगतो: पेंड खाऊन म्हशीची फॅट चढली आणि तात्याची उतरली. दोघंही खूश. वाळलेल्या काट्यांचं सरपण चुलीत गेलं. त्या पिकातलं फेकायला काही उरलंच नाही. राखसुद्धा नानीनं भांडी घासायला ठेवली.

आज बारामतीच्या मोठ्या दुकानात गेलं की तेलाच्या बाटल्यांची भिंत असते. प्रत्येकीवर लाल बदाम काढलेला, जणू तेल नाही, प्रेमपत्र विकतायत. माझं पोट आता तात्याच्या तेव्हाच्या वयाचं झालंय. पोरगी मोबाईलमध्ये बघून सांगते, बाबा, हे किती, ते किती. मी ऐकतो. मग घरी येऊन चमचा काढतो, चटणीत खड्डा करतो आणि वरून सोडतो. ते दिसतं. मला तेवढं पुरतं.

जयंती आली. उन्हं कलली, विहारापुढं निळे झेंडे, हलगी तापवायला कागद पेटवलेला, बायका पांढऱ्या साड्यांत. तात्याचा आदल्या सालचा सदरा त्याला इतका ढगळ झाला होता की त्यात आणखी एक बारीक माणूस लपवता आला असता. दिनकर पहिल्या रांगेत, निळी दोरी गळ्यात, तयार. त्यानं खरंच ट्रॉलीत लोड ठेवला होता. आजी पेपरमिंट घेऊन त्याच ट्रॉलीत बसली होती.

तात्यानं शिट्टी फुंकली आणि आम्ही उठलो. एसटी थांबा गेला. लेझीम अशी वाजत होती की थांब्यावरची इंदापूर गाडी वेळ होऊनही हलली नाही, ड्रायव्हर टपावर चढून बघत होता. मोरी आली. सगळ्यांच्या नजरा कठड्यावर. हलगीवाल्यानं, कसा कोण जाणे, नेमका तिथंच ताल वाढवला. तात्यानं मोरीवर बसकण मारली, आणि आम्ही धरायला हात पुढं केले, पण ती लेझमीची बैठक होती! खाली बसला, उजवीकडं झुकला, डावीकडं झुकला आणि शिट्टीच्या फुंकरीसरशी उभा राहिला. ती फुंकर इतकी जबर होती की शिट्टीतला म्हातारा गोळा फुटला आणि शिट्टी मुकी झाली. बापाची शिट्टी, तिचा वारा तिथं संपला.

क्षणभर सगळं थांबायला लागलं. तात्यानं पाऊल न चुकवता, मागं न बघता, डावा हात नुसता मागं पसरला.

दिनकर माझ्या शेजारी होता. त्याचं तोंड मी बघितलं. एक पाऊल तो चुकला, दुसरं चुकला, आणि तिसऱ्याला त्यानं गळ्यातली निळी दोरी काढून त्या पसरलेल्या हातावर ठेवली. नवी शिट्टी वाजली. पटांगण आलं, वळसा झाला, परत मोरी आली, गेली, आणि विहारापुढं तात्या पोचला तेव्हा ट्रॉलीत पेपरमिंट चघळत लोडाला टेकून बसला होता दिनकर. आजीनं बळंच बसवला होता. म्हणाली, पोरगं दमलंय.

मग पंगत. वांग्याची भाजी, भाकरी, खर्डा. नानीनं नव्या करडईच्या तेलाची बरणी आणली होती आणि ती रांगेतनं प्रत्येकाच्या खर्ड्यावर एकेक चमचा सोडत येत होती. तात्यापाशी आली. तात्या फेटा काढून घामाघूम बसलेला, गळ्यात दोन शिट्ट्या, भोवती सगळं गाव.

"नानी!" तो गरजला. "मोरी ओलांडली! दोनदा ओलांडली! दिनकरची शिट्टी फुंकून आणली! आज दोन चमचं पायजेत!"

"दोन! दोन!" पोरं ओरडली. हलगीवाल्यानं बसल्या जागी ताल धरला. दिनकर ताटावरून उठून म्हणाला, "नानी, आज तरी द्या की. माझ्या वाटचा द्या."

नानीनं चमचा भरला, तात्याच्या खर्ड्यावर सोडला आणि बरणीचं झाकण लावलं.

"एकच," म्हणाली.